कापसाच्या खोलीतला दरबार

३ जानेवारी १९६५, रविवार. चिखली

यंदा डायरी मराठीत. गेल्या वर्षीची इंग्रजी डायरी बाबांनी नुसती वाचली नाही, लाल पेन्सिलीने तपासली. शेवटच्या पानावर 'फेअर' असा शेरा मारला. वकील माणूस, कागद दिसला की राहवत नाही. माझं मराठी अक्षर मात्र त्यांना लागत नाही. मलाही दुसऱ्या दिवशी लागत नाही. सातव्या वर्षापासून नागपूरला कॉन्व्हेंटच्या होस्टेलवर राहिल्यावर आणखी काय होणार! बोलते तसं लिहिणार. ऱ्हस्व-दीर्घ देवाच्या हवाली.

तर नव्या वर्षाचा संकल्प: अपंगांचं नाटक मंडळ काढायचं. नागपूरला गॅदरिंगला आंधळ्या मुलांनी गाणं म्हटलं होतं, तेव्हा अख्खा हॉल रडला होता. मी दोन रुमाल भिजवले. आपल्या भागात असं काहीच नाही. नाव ठरलं: 'करुणा नाट्य मंडळ'. नाटकही लिहून झालं, 'अंधारातले अश्रू', तीन अंकी. आईला वाचून दाखवलं. तिसऱ्या अंकात ती झोपली होती, पण गाल ओले होते. की दिवसभर चुलीपाशी बसल्यामुळे असेल?

९ जानेवारी, शनिवार. अमडापूर

सकाळच्या एसटीने अन्नपूर्णाआत्याकडे आले. तालमीला तिने कापसाची खोली दिली. म्हणाली, "अर्धी खोली कापसानं खाल्ली हाय. उरलेल्या अर्धीत कर तुहं नाटक. अन् कापसावर कोनी नाचाचं नाही."

तिघं जमले. कडूबा सायकली भाड्याने देतो, पंक्चर काढतो. त्याचा डावा पाय लहानपणीच वाळला. भिमाबाईंना जन्मापासून दिसत नाही, पण गळा असा की एसटीचा हॉर्न लाजेल. मोतीराम शिंपी, ऐकू येत नाही, बोलत नाही, पण नकला करतो. मी दारातून आत आले तशी त्याने माझीच नक्कल केली: वही छातीशी, मान तिरकी, पायाखाली शेण आहे की काय ते बघत. मी अशी चालत नाही.

कडूबा गावच्या नाटक कंपनीत वीस वर्षं प्रॉम्टर आहे, म्हणजे विंगेत बसून नटांना हळूच वाक्यं सांगणारा. दर वर्षी राजा होतात महादेवराव. त्यांना एक ओळ पाठ नसते, पण आवाज असा की भांडी वाजतात. कडूबा सांगतो, ते गरजतात. आत्या सांगत होती, एकदा विंगेत कुत्रं शिरलं. कडूबा पुटपुटला, "हाड बे, भाईर हो." महादेवराव भर दरबारात प्रधानाकडे बोट करून गरजले, "हाड बे, भाईर हो!" प्रधान बिचारा खरंच बाहेर गेला. परत कधी यायचं ते कळेना, म्हणून घरी जाऊन जेवला.

मी कामं वाटून दिली. कडूबा लंगडा भिकारी, भिमाबाई त्याची आंधळी आई, आणि मोतीराम झाड. दुसऱ्या अंकात भिकारी त्याच झाडाखाली मरतो.

कडूबा म्हणाला, "ताई, मले राजाचं काम द्या ना. एकदाच."

"यात राजा नाहीये."

"टाका ना मंग. बावन वर्षाचा झालो. साऱ्या राजांचं सारं बोलनं पाठ हाय, पन पडद्याच्या मांगून. महादेवराव म्हनते, राजा विंगेतून चालत येते, तू आला तं लोक हासतीन."

"त्याईले बी हासतात," भिमाबाई म्हणाल्या. "त्याईले आयकू येत नाही. मले येते."

मी समजावलं की आपलं नाटक मजेचं नाही, जागृतीचं आहे. कडूबाने विचार केला.

"भिकारी मरते तो उभा राहून का झोपून?"

"झोपून."

"राजा बी झोपूनच मरते, ताई."

पाहिजे ते काम मिळालं नाही की अशी माणसं थोडी हट्टी होतात. प्रेमाने घ्यायचं ठरवलंय.

१७ जानेवारी, रविवार

भिमाबाईंचं अख्खं नाटक पाठ झालंय. सगळ्यांची कामं! मी एकदाच वाचलं होतं, तेही अडखळत. स्वतःचंच अक्षर लागेना. त्या मध्येच म्हणाल्या, "बाईले दमानं वाचू द्या रे. तिचा दोष नाही, शाळा तशी होती तिची."

रडण्याचा सीन मात्र जमत नाही.

"भिमाबाई, इथे रडायचं."

"काऊन?"

"तुम्हाला दिसत नाही म्हणून."

"ते तं मी जन्मापासून हाय. आजच काऊन रडू?"

मी म्हटलं, बाई माणूस स्टेजवर येणार, लोक बघणार, त्याची भीती वाटते का? म्हणाल्या, "लाज ज्याले दिसते त्याले. मले काय मालूम कोन पाहून राह्यलं ते!" आणि इतक्या हसल्या की कापसाचा ढीग थोडा घसरला. गावच्या कंपनीत बायकांची कामं पुरुष करतात. त्यात त्या बौद्धवाड्यातल्या. त्यांना आजवर कोणी मांडवात पुढे बसायलासुद्धा बोलावलं नव्हतं. ते सांगतानाही हसत होत्या. त्याला हसण्यासारखं काय होतं, मला कळलं नाही.

मोतीराम झाड म्हणून उत्तम. हात वर करून उभा राहतो. दोनदा पान गळाल्यासारखं केलं, मी रागावले.

२१ जानेवारी, गुरुवार

कडूबाच्या दुकानात सायकल घ्यायला गेले होते. तो चाकाचे आरे आवळत होता. म्हटलं बिचाऱ्याच्या ज्ञानात भर घालावी. सिस्टरने सांगितलेली गोष्ट सांगितली: इंग्लंडच्या एका युवराणीचा पाय आजारपणात अधू झाला, ती लंगडायला लागली. तर तिकडच्या फॅशनेबल बायका मुद्दाम लंगडत चालायला लागल्या!

कडूबाचा हात थांबला.

"पुन्हा सांगा."

पुन्हा सांगितली.

"पाय चांगले असलेल्या बायका?"

"हो."

"कोनी हासलं नाही?"

"युवराणीला कोण हसेल?"

 मग त्याने सायकलचं भाडं घेतलंच नाही. साध्या साध्या माहितीची या लोकांना केवढी भूक आहे! दर आठवड्याला एक जनरल नॉलेज सांगायचं ठरवलंय.

३० जानेवारी, शनिवार

तीन विचित्र गोष्टी.

एक, आत्याचा डालड्याचा रिकामा डबा हरवला. तिला काहीच वाटलं नाही. एरवी काडेपेटी हरवली तरी गल्ली डोक्यावर घेते.

दोन, मोतीराम लाल मखमलीच्या कोटाला जर लावत होता. मी खुणेने विचारलं, कोणाचं? त्याने मुंडावळ्या, घोडा, वाजंत्री असं सगळं करून दाखवलं. म्हणजे लग्न. पण कोटाची बाही कडूबाच्या मापाची वाटली. कडूबाचं लग्न? या वयात? विचारायला बरं दिसत नाही.

तीन, कुस्तीच्या आखाड्यातले चार पहिलवान गडी सकाळी विहिरीवरून जाताना चौघेही लंगडत होते. चौघेही डाव्या पायाने! कुस्तीत मुरगळला असणार. मी आत्याकडून दुखण्याचं मलम आणून दिलं. चौघांनी पाया पडून घेतलं आणि पळत सुटले. पळताना बरे दिसले. मलम न लावताच.

६ फेब्रुवारी, शनिवार

पंचायत समितीचे साहेब जीपने येऊन तालीम बघून गेले. पंचायत समितीचा अपंग मेळावा चौदा तारखेला, दुपारी चार वाजता, अमडापूरच्या शाळेपुढे. आधी आपलं नाटक, मग साहेबांच्या हस्ते कुबड्या आणि काठ्या वाटप. साहेब म्हणाले, "नाटक असं पायजे की बुलढाण्याच्या पाहुण्यांच्या डोळ्यांत पाणी आलं पायजे." मी म्हटलं, येईलच.

जीप वळली तशी मोतीरामने साहेबांची नक्कल केली. पोट पुढे, घड्याळाकडे एक नजर, खिशातून रुमाल काढून कोरडेच डोळे टिपले. आत्या इतकी हसली की पदर तोंडात घालून आत पळाली. मी हसले नाही. फार नाही.

पंचायत समिती झाल्यापासून दर वर्षी कडूबाला कुबड्या मिळतात. तो काठीशिवायच चालतो. एका जोडीवर भोपळ्याचा वेल चढवलाय, दुसरीला सायकल टेकवतो. "घ्याव्या लागतात, ताई," म्हणाला. "नाही घेतल्या तं साहेबाले वाईट वाटते."

निघताना त्याने मला थांबवलं. आज चेष्टा नव्हती.

"ताई, खरं सांगा. मी विंगेतून चालत आलो तं लोक हासतीन का?"

मी म्हटलं, "भिकाऱ्याला कोण हसेल, कडूबा? रडतील."

तो "हाव" म्हणाला आणि सायकलची घंटी उगाच दोनदा वाजवली. माझं उत्तर बरोबरच होतं. तरी एसटीत बसल्यावर काहीतरी विसरल्यासारखं वाटत राहिलं. छत्री तर होती.

१२ फेब्रुवारी, शुक्रवार

रंगीत तालीम फारच छान. कडूबा पहिल्यांदा मन लावून मेला. भिमाबाई रडल्या, मी न सांगता. सगळं इतकं सुरळीत झालं की मला भीती वाटतेय. उद्या फक्त आराम करा, असं सांगितलं. तिघंही एकदम "हाव ताई" म्हणाले. म्हणजे दोघं म्हणाले, मोतीरामने मान हलवली. तिघांत सगळ्यात आज्ञाधारक तीच मान.

ग्रामपंचायतीची मोठी खुर्ची चोरीला गेली म्हणे. कोणाला काय उचलावंसं वाटेल!

१४ फेब्रुवारी, रविवार. अमडापूर

 नीट क्रमाने लिहिते.

शाळेपुढे माणूसच माणूस. पुढच्या रांगेत बुलढाण्याचे पाहुणे, साहेब, आणि गावचे मानकरी म्हणून महादेवराव, फेटा बांधून. पडदा म्हणून दोन चादरी. मी वही घेऊन विंगेत, प्रॉम्टरच्या जागी बसले, कारण आमचा प्रॉम्टर आज भिकारी होता.

पडदा उघडला. झोपडी पाहिजे होती. तिथे ग्रामपंचायतीची खुर्ची, तिच्यावर मखमल! मी वही चाळायला लागले. माझंच पान चुकलं असं वाटलं.

भिमाबाई पुढे आल्या, जरीचं लुगडं नेसून, हातात माझ्या आत्याची चांदीच्या मुठीची काठी. ललकारी दिली, "होऽऽशियार! महाराज येऊन राह्यले! ज्याचे डोये असतीन त्यानं खाली करा!"

समोरच्या विंगेतून कडूबा आला. अंगात तो मखमली कोट, डोक्यावर मुकुट. मुकुटाच्या उजव्या बाजूला डालड्याच्या डब्यावरचं ताडाचं झाड अजून दिसत होतं. छाती पुढे, मिशी वर, आणि पाय जसा आहे तसा. ठक, घसट. ठक, घसट.

मागच्या बाजूला कोणीतरी फिस्सकन हसलं. मग आणखी दोघं. हसू पसरायला लागलं, तेच ते हसू, ज्याबद्दल तो मला विचारत होता. मी पाहिलं, कडूबाचा कान लाल झाला. पण तो थांबला नाही.

तेवढ्यात त्याच्यामागून ते चार पहिलवान आले. ठक, घसट. ठक, घसट. चौघे एका ठेक्यात, डावा पाय ओढत, छाती पुढे काढून. हसू मध्येच अडकलं. चौथ्याचा ठेका चुकला, तो दोन पावलं सरळ चालला.

राजा गर्रकन वळला. "कोन बे सरळ चालून राह्यला माह्या दरबारात? लाज नाही? आईबापानं चालनं शिकवलं नाही?"

"माफी, महाराज! पाय चांगला हाय ना, म्हनून तशी सवय लागली."

"अरे अरे! बिचारा!" राजा हळहळला. "दोनी पाय सारखे! कोनता आधी टाकाचा, कसं कळत असन याले? याच्यासाठी काही योजना काढा रे, प्रधानबाई."

"काढली, महाराज," भिमाबाई म्हणाल्या. "पन त्याच्याहून वाईट लोक हायत. डोयेवाले. रात्री दिवा इझला की भितीले जाऊन आदळतात. त्याईले काठी वाटा."

आता मैदान उसळलं. आणि हे हसू वेगळं होतं. मला त्याचं नाव सांगता येत नाही. कडूबा त्या हसण्यात उभा होता, पावसात भिजायला उभं राहावं तसा.

मग मोतीराम आला, पोट पुढे, घड्याळ बघत. राजाच्या पायाला हात लावून पाहिला, रुमालाने कोरडे डोळे टिपले आणि महाराजांना कुबड्या दिल्या. महाराजांनी त्या बघितल्या आणि म्हणाले, "यंदा भोपयाचा वेल लांब गेला हाय. चालतीन." पाहुणे आधी साहेबांकडे बघत होते. मग त्यांच्याच डोळ्यांत पाणी आलं. हसून. साहेब म्हणाले होते, पाणी आलं पाहिजे. आलं.

आणि मग कडूबाने वहीत नसलेली, बहुतेक त्याच्याही वहीत नसलेली गोष्ट केली. बोट केलं पुढच्या रांगेकडे.

"सरदार महादेवराव! दरबारात या. तुमची चाल दाखवा."

 महादेवराव उभे राहिले. तोंड लाल. वीस वर्षं राजा झालेला माणूस. मला वाटलं, आता सगळं संपलं, हा शिव्या देणार आणि कडूबा पुन्हा पडद्यामागे.

ते स्टेजवर चढले. उभेच राहिले. काय बोलावं सुचेना. आणि सवयीने त्यांनी विंगेकडे बघितलं, प्रॉम्टरच्या जागेकडे. तिथे मी, 'अंधारातले अश्रू' हातात. मी भीतीने पहिलं दिसलं ते वाक्य वाचायला गेले, पण अक्षर लागेना.

तेव्हा सिंहासनावरून, ओठ न हलवता, पुटपुटल्यासारखा आवाज आला. वीस वर्षांचा जुना आवाज.

"डावा पाय वढा."

महादेवरावांनी डावा पाय ओढला.

"छाती पुढं."

छाती पुढे आली.

"म्हना: महाराजांचा इजय असो."

आणि महादेवराव गरजले, "महाराजांचा इजय असो!" शाळेच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली. महादेवरावांना आपण काय केलं ते बहुतेक अर्ध्या वाटेत कळलं. त्यांनी कडूबाकडे पाहिलं. कडूबाने अगदी बारीक मान हलवली, बरोबर आलं म्हणून, जशी वीस वर्षं विंगेतून हलवत आला असेल. महादेवरावांनी मग तिसरं पाऊल टाकलं, कोणी न सांगता. ठक, घसट.

शेवटी वाटपासाठी साहेब स्टेजच्या पायऱ्या चढले. सरळ. तर अख्खं मैदान ओरडलं, "नीट चाला, सायेब!" साहेब गोंधळले. पाहुण्यांकडे बघितलं. पाहुणे टाळ्या वाजवत होते. साहेब लंगडले.

१५ फेब्रुवारी, सोमवार

मी कोणाशीही बोलत नाही. तीन आठवडे माझ्याच आत्याच्या खोलीत, माझ्या मागे! सगळ्यांना माहीत होतं. आत्याने डालड्याचा डबा स्वतः दिला होता. काठी दिली. लुगडंसुद्धा तिचं.

आत्या म्हणाली, "तुले सांगितलं असतं तं तू तिसऱ्या अंकात सुधारना केल्या असत्या."

कडूबा दारात आला. मुकुट काखेत. "ताई, रागावल्या का? गोष्ट तं तुमचीच होती. त्या युवरानीची."

मी म्हटलं, ते जनरल नॉलेज होतं.

"हाव," तो म्हणाला, "लई कामाचं हाय." मग मुकुट दुसऱ्या काखेत घेत, "ताई, हासले ना लोक?"

"हासले."

"आयकलं मी," म्हणाला. हे तो असं म्हणाला की मला पुढे रागावता आलं नाही. प्रयत्न केला.

२१ फेब्रुवारी, रविवार

देऊळघाटवरून बोलावणं आलंय. त्यांना तोच दरबार पाहिजे. 'करुणा'ची पाटी मोतीरामने पुसून उलटी केली आणि मागच्या बाजूला 'दरबार नाट्य मंडळ' रंगवलं. मला विचारलं नाही. रंग चांगला आहे.

महादेवराव कापसाच्या खोलीत आले. काम मागायला! कडूबाने त्यांना चालून दाखवायला सांगितलं. तीनदा. मग म्हणाला, "जमन. पन यंदा पाठ कराचं, राजे. मी पुढं असतो आता." महादेवराव खाली मान घालून कापसावर बसले. आत्या ओरडली, उठले.

मी म्हटलं, आता प्रॉम्टरचं काम मी करते. भिमाबाई म्हणाल्या, "नको, माय. तुहं वाचून होईपर्यंत राजा म्हातारा होईन." आणि सगळ्यांना दम दिला, बाईले हासू नका रे, तिले बी काही तरी काम द्या, आपल्यातच राहू द्या.

मग मोतीराम उठला. माझ्यापुढे येऊन त्याने दोन्ही हात वर केले, बोटं पसरली. दरबाराबाहेर एक झाड पाहिजे.

आज पहिली तालीम झाली. दहाव्या मिनिटाला खांदे भरून आले. नाकावर कापूस बसला, खाजवता येईना. समोर सगळे हसतायत, बोलतायत, आणि झाडाकडे कोणी बघतसुद्धा नाही. महिनाभर हा माणूस असा उभा राहिला? आणि मी त्याला पान गळालं म्हणून रागावले?

हात खाली घेतले तर मोतीरामने मान हलवली, नाही. येऊन माझी डावी फांदी दोन बोटं वर केली.

मी पुन्हा उभी राहिले. थोड्या वेळाने, कोणाचं लक्ष नाही बघून, हळूच एक पान गाळलं.

मोतीरामने बघितलं. रागावला नाही.